दुसऱ्या खणातला गुलाबी

हिसानोच्या रंगांच्या डब्यात बारा खण. पहिल्यात पांढरा, दुसऱ्यात गुलाबी, सातव्यात हिरवा. दोन वर्षं झाली, तिला आकार दिसतात पण रंग ओळखू येत नाहीत, आणि हे तिच्या डॉक्टरांखेरीज मला एकटीला ठाऊक. ती खण मोजून रंगवते. ट्यूबवरची अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून दर रविवारी डबा मीच भरून द्यायचे.

आणि तरीही दर वसंतात आमच्या चित्रकला मंडळाचं जे एक चित्र नगर वाचनालयात लागतं, ते हिचंच. ओळीनं आठ वर्षं. मी चांगली डोळस, धडधाकट, माझं एकदाही नाही. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

यंदा किल्ल्याच्या बागेतला साकुरा, म्हणजे चेरीचा गुलाबी मोहोर, ऐन भरात होता. मी दुसऱ्या खणात हिरवा पिळला, सातव्यात गुलाबी. मुद्दामच केलं, खोटं कशाला बोलू.

"सुमिए, कशी दिसतायत गं माझी फुलं?" तिनं दुपारी विचारलं.

"दृष्ट लागेल," मी म्हटलं आणि भाताचा गोळा खाऊन टाकला.

तीन वाजता नेहमीप्रमाणे सगळ्यांची चित्रं निळ्या ताडपत्रीवर मांडली. आमच्यात कुणी कुणाच्या चित्राला वाईट म्हणत नाही. आम्हाला शिकवणारे ओकुमुरा सर फक्त 'धाडसी' म्हणतात, आणि ज्याला म्हणतात तो पुढचे दोन रविवार फिरकत नाही. हिसानोचं झाड बुरशी धरलेल्या तांदळाच्या वडीसारखं दिसत होतं. सर त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"धाडसी," ते म्हणाले.

बाकीच्या बायका आपापले ब्रश धुवायला लागल्या. हिसानो माझ्या कानाशी आली.

"कसला रंग झालाय? खरं सांग."

"हिरवा."

"फुलांना?" तिनं डब्याचे खण चाचपले. "डबा नीट भरला होतास ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. चुकून झालं म्हटलं असतं तरी तिनं मानलं असतं.

"नेहमीसारखाच," मी म्हटलं.

ती ताडपत्रीच्या कडेला बसली. "म्हणजे मीच मोजायला चुकले. दोनापर्यंत मोजता येईना मला. आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी मला ताई म्हणायची. डोळे गेले ते सोसलं गं, पण डोकं गेलं तर काय करू?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढं जमलं मला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन दारात हजर. "तुझ्याकडेच राहू दे. दोन वर्षं तूच भरलास." हे ऐकून मुलानं वृद्धाश्रमात तिचं नाव घातल्याचंही सांगितलं. मी डबा ठेवून घेतला आणि तिला चहा विचारला.

वाचनालयात यंदा माझं चित्र लागलं. हिसानो मुलाचा हात धरून आली, चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"गुलाबी चांगला जमलाय?"

"जमलाय."

"दुसऱ्या खणातला ना?"

"हो, दुसऱ्यातलाच."

"बघ, अजून लक्षात आहे माझ्या," ती मुलाला म्हणाली. म्हातारीच्या बडबडीबद्दल माफी मागावी तसा तो माझ्याकडे बघून हसला. मीही हसले.