घोडे सांभाळणारा

डुलुथ शहरात आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती दर रविवारी दुपारी, ज्यात प्रत्येकजण एक पात्र होऊन साहसाला निघतो असा खेळ बसतो, त्याला यंदा अकरा वर्षं झाली. पूर्वी नकाशा कागदावर असायचा. माझ्या भावाने, अ‍ॅन्सेलने, जुना टीव्ही टेबलावर आडवा टाकून नकाशा त्यावर आणला, आणि तेव्हापासून ज्याची त्याची सोंगटी ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवरून सरकते, तिच्या दिव्याचा उजेड पडेल तेवढीच वाट दिसते, बाकी सगळा अंधार. खेळ चालवते मी, म्हणून मला एकटीला सगळा नकाशा दिसतो आणि माझी स्वतःची सोंगटी मात्र नसते. अ‍ॅन्सेल चिडवायचा, "अगं थोरा, एवढी दुनिया बनवतेस आणि तिच्यात तुला उभं राहायला वीतभर जागा नाही."

कुणी आलं नाही, तर त्याचं पात्र बाहेर घोडे सांभाळतंय असं म्हणायचं आणि बाकीच्यांनी गुहेत शिरायचं, ही आमची रीत. मार्चमध्ये अ‍ॅन्सेल गेला. त्यानंतरच्या रविवारी आमच्यात पहिल्यापासून खेळणाऱ्या वेंडेलने घसा खाकरून तेच म्हटलं, आणि आम्ही खेळत राहिलो. खेळातही त्याला मारायची हिंमत माझ्यात नव्हती.

मे महिन्यात पहिल्यांदा लक्षात आलं, की त्याची सोंगटी घोड्यांपासून चार घरं लांब उभी आहे. माझ्याच हातून चुकून सरकली असेल म्हणून मी ती जागेवर आणली. पुढच्या रविवारी ती नऊ घरं लांब होती, गुहेपासून दूर, नकाशाच्या कडेच्या दिशेने. त्याचा लॅपटॉप माझ्याच कपाटात होता, आणि त्याची बॅटरी केव्हाच उतरलेली. कुणाला सांगितलं असतं तर सोंगटी काढून टाकायला लावली असती, म्हणून मी सांगितलं नाही. कडेपलीकडे गेलेली सोंगटी पुसली जाते, एवढं मला ठाऊक होतं. मग दर शनिवारी मी त्याच्यापुढे आणखी रस्ता काढत गेले, झाडं काढली, ओढा काढला, ओढ्यावर पूल. त्याला पूल आवडायचे. तो कुठवर पोचला ते बघायला मी वेड्यासारखी रविवारची वाट बघायचे.

गेल्या रविवारी वेंडेल म्हणाला, की आता पुरे, त्याला नीट निरोप देऊ आणि सोंगटी काढू. वेंडेलची बायको रूथॅन माझ्याकडे न बघता मान डोलावत होती. मी हो म्हटलं. काल रस्ता काढला नाही, हातच चालेना.

आज दोन वाजता दोघं आली, रूथॅनने घरून भाजून आणलेल्या हॉटडिशचं, बटाटे-खिम्याचं, भांडं ओट्यावर ठेवलं आणि मी लॅपटॉप उघडला. एरवी मला सगळा नकाशा दिसतो. आज सगळा अंधार होता आणि मधे एका दिव्याचं वर्तुळ. त्यात मी न काढलेला रस्ता, रस्त्यावर अ‍ॅन्सेल, दोन घोडे, आणि त्याच्या शेजारी वीतभर जागेत माझ्या नावाची सोंगटी.

मला रडू आलं, आनंदानेच. "वेंडेल, हे बघ," मी म्हटलं.

वेंडेलने मान वर केली नाही. माझ्यासमोरचा लॅपटॉप त्याने हात लांबवून स्वतःकडे ओढला, घसा खाकरला आणि रूथॅनला म्हणाला, "चल, सुरू करू. थोरा घोडे सांभाळतेय असं म्हणू."