मागावरची बाई

लंकाबाईनं गळ्यातलं डोरलं आयुष्यात दोनदा काढलं. पहिल्यांदा नवरा मेला म्हणून. दुसऱ्यांदा नवरा चांगला धडधाकट होता, आणि तोच समोर उभा राहून म्हणत होता, "काढ म्हन्तो ना! घटकाभराचा तर सवाल हाय."

भिंगारच्या साळीआळीतलं ते घर गोरक्षनाथाचं. लढाईपायी सूत कंट्रोलात गेलेलं, काळ्या बाजारात घ्यायचं तर घर गहाण टाकण्यावाचून इलाज नव्हता. पण नगरातला सावकार पक्का. घरात बायको असली की ती राहण्याचा हक्क सांगते आणि उद्या ताबा घ्यायला गेलं तर चुलीपुढून हलत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून गोरक्षनाथानं त्याला सांगून टाकलं होतं की घरात बायकोच नाही.

"मग मी कोन?" लंकाबाईनं विचारलं.

"मागावर कामाला ठिवलेली बाई. नुसतं बोलायला काय जातंय? घर सुटलं की म्या माझ्या हातानं डोरलं बांधीन."

तिनं डोरलं काढून त्याच्या हातात दिलं. का दिलं म्हणाल, तर विधवेशी पाट लावून तिला पुन्हा कुंकू लावणारा तो माणूस. त्या एका कुंकवाचं ओझं तिच्या डोक्यावर इतकं होतं, की त्यानं विहिरीत उतर म्हटलं असतं तरी तिनं आधी पदर खोचला असता.

सावकार आला तेव्हा ओट्यावर भिमाजी तंबाखू मळत बसला होता. साळ्यांचा म्होरक्या, लंकाबाईचा पाट त्यानंच लावून दिलेला. सावकारानं घर फिरून पाहिलं आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या लंकाबाईपाशी थांबला.

"बाई, तुझा या घरावर काही हक्क?"

"न्हाई जी. मी मागावर कामाला हाय."

भिमाजीनं मान वर केली नाही. जातीतल्या माणसाचं काम होत होतं, मग कशाला तोंड उघडा!

घटकाभर म्हणता म्हणता वर्षं गेली. सावकाराची माणसं येत-जात असतात, घर सुटेस्तोवर थांब, असं गोरक्षनाथ म्हणे आणि ती थांबे. आळीतल्या हळदी-कुंकवाला बोडक्या गळ्यानं जायची लाज वाटे म्हणून तिनं जाणंच सोडलं. दिवस उजाडायच्या आत ती खड्ड्यात उतरे ती दिवेलागणीलाच वर येई. पाय सुजले. लुगड्यामागून लुगडं तिच्या हाताखालून उतरलं, बाजारात गेलं, आणि एकदाचं घर सुटलं.

त्या दिवशी तिनं घर सारवलं. पुरण घातलं. न्हाऊन, ठसठशीत कुंकू लावून नव्या नवरीसारखी दारात बसली. इतका आनंद तिला पाटाच्या दिवशीही झाला नव्हता.

संध्याकाळी टांगा आला. गोरक्षनाथ उतरला, भिमाजी उतरला, मागून एक अनोळखी म्हातारा, आणि त्याचा हात धरून हळदीच्या अंगाची एक पोर. पोरीच्या गळ्यात डोरलं होतं. त्याची एक वाटी चेपलेली. फार पूर्वी मागावर आपटून लंकाबाईकडूनच चेपली होती ती.

"ही कोन?" पोरीच्या म्हाताऱ्या बापानं विचारलं.

"सांगितलं न्हवं का, मागावरची बाई," गोरक्षनाथ म्हणाला.

"व्हय, सावकारबी तेच म्हनले. सरकारनं दोन बायका करायला बंदी घातलीया, म्हनून म्या सोता जाऊन इचारून आलो. घरात बायको न्हाई म्हनले."

 लंकाबाई भिमाजीकडं वळली. "मामा, पाट तुमी लावला व्हता. बोला की!"

"तूच सांगितलंस पोरी, माझ्यादेखत," भिमाजी जमिनीकडं बघत म्हणाला. "आता म्या कुनाला खोटं पाडू?"

गोरक्षनाथ जवळ आला. आवाज अगदी मायेचा. "कुटं जाऊ नगंस. मागाची खोली तुझीच हाय. काम तर हायेच की."

त्या मायेनंच तिला खरं भाजून काढलं. हाकलून दिलं असतं तर निदान आपण कुणीतरी होतो असं तरी वाटलं असतं.

पोरीला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. घरातलं वडील माणूस समजून ती पाया पडायला वाकली, आणि लोंबणारं डोरलं लंकाबाईच्या सुजलेल्या पावलांना लागलं.

लंकाबाईनं तिला दंडाला धरून उठवलं. "कामाच्या बाईच्या पाया पडू नये, बाय. चुलीवर पुरन हाय, खाऊन घे." पायरी उतरून ती क्षणभर थांबली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आन् ह्यो कवा डोरलं काढ म्हनला, तर घटकाभरबी काढू नगंस."