बिनशिक्क्याचे बोर्ड

"हे बोर्ड परत पाठव," आमचे हे भाच्याला म्हणाले. अंगणात टेकवून ठेवलेल्या एका बोर्डाच्या कडेवर यांनी ओलं बोट दाबून धरलं होतं. बोट उचललं तर कडेचा भुगा चिकटून आला.

"मामा, त्याच कारखान्यातला माल आहे," भाचेबुवा म्हणाले. "फक्त तपासणीचा शिक्का नाही. आणि शिक्का काय पाणी अडवतो का?"

"शिक्का नाही अडवत, शिक्क्याचा बोर्ड अडवतो. हा बाहेरच्या भिंतीला लावलास तर पाणी पिऊन फुगेल, आणि वरचं प्लास्टर घेऊन खाली येईल."

भाचेबुवा नुसते हसले. घरावर नवा मजला चढत होता. लोखंडी चौकटीवर बोर्ड बसवून भिंती करायच्या आणि बाहेरून प्लास्टर यांनी करायचं, असं ठरलं होतं. आतल्या फरशा, दिवे, नळ यांत भाचेबुवांनी हात सैल सोडला होता. काटकसर आठवली ती नेमकी बोर्डांत, कारण ते कोणाला दिसणार नव्हते.

हे जन्मभर प्लास्टरच करत आले. आमच्या गल्लीतल्या निम्म्या भिंती यांच्या हातच्या. अलीकडे कामं तरुण पोरांकडे जायला लागली होती, तरी कोपऱ्यावरच्या मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, "भाच्याचं घर कसं होतंय बघू, मग आमचं तुम्हालाच." म्हणजे ही भिंत टिकली तर यांच्या हातात थापी राहणार, नाहीतर हे घरी बसणार. एवढं मला कळत होतं, यांना कळत होतं आणि वन्संनाही पक्कं ठाऊक होतं.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण, भाचेबुवांची आई. त्या हात पुसत बाहेर आल्या. "दादा, पोराचं मन नको मोडूस. अरे, तुझा हात लागल्यावर खाली बोर्ड कुठला हे कोण बघतंय? तुझ्या हातची भिंत कधी पडलीय का?"

झालं! वन्संनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हे चढले. घरी येताना मी स्पष्ट म्हटलं, "उद्या भिंत फुटली तर बोर्डाला कोणी नावं ठेवणार नाही. तुम्हाला ठेवतील."

"दुहेरी जाळी लावतो," हे म्हणाले. "सांधे नीट भरतो. माझा हात आहे ना!"

अस्सा राग आला मला! पण बहिणीपुढे यांचं कधी काही चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या हाताच्या कौतुकापुढेही नाही.

भिंत मात्र अशी झाली की बघत राहावं. शिडी चढताना "आई गं" म्हणायचे, उतरताना गुडघे धरायचे, पण थापी एकदा भिंतीला लागली की माणूस तिशीतला. मास्तर स्वतः येऊन भिंतीवरून हात फिरवून गेले. चार दिवस हे शीळ घालत जेवायला बसायचे.

पावसाळा निम्मा सरला आणि बोर्डांचे सांधे प्लास्टरमधून उठून दिसायला लागले, म्हाताऱ्या हाताच्या शिरा दिसतात तसे. यांनी जाऊन वाजवून पाहिलं. भिंत पोकळ बोलत होती. मग एका सकाळी खिडकीखालचा अख्खा भाग खाली आला. कोणाला लागलं नाही, तेवढं नशीब.

आम्ही पोचलो तेव्हा अर्धी गल्ली जमली होती, मास्तरही होते. भाचेबुवा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला आधीच वाटत होतं, मामांना आता झेपणार नाही. पण घरचा माणूस, नाही कसं म्हणायचं?"

मी वन्संकडे पाहिलं. बोर्ड आम्ही आणले, दादा नको म्हणत होता, एवढं बोलल्या असत्या तरी पुरे होतं. त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"वय झालं हो दादाचं," त्या म्हणाल्या. "हात पूर्वीचा नाही राहिला."

"वन्सं, जीभ झडेल तुमची!" मी ओरडले. "बोर्ड कोणी आणले ते सांगा की!"

यांनी माझं मनगट धरलं. "चल घरी."

रस्ताभर मी बोलत होते. दाराशी आल्यावर हे म्हणाले, "तिला त्याच्याच घरात दिवस काढायचेत."

"आणि आपण कुठे काढायचे?" मी विचारलं.

पुढे भाचेबुवांकडे नवा प्लास्टरवाला आला आणि नवे बोर्डही आले, चांगले शिक्क्याचे! अक्कल त्यांना आली, नाक आमचं कापलं गेलं. मास्तरांनी आपलं कामही त्या नव्या माणसालाच देऊन टाकलं.

एका दुपारी तोच आमच्या दारात उभा. हातपाय सिमेंटने माखलेले, हातात पाडलेल्या भिंतीचा एक तुकडा. मी चहा टाकला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

"काका, हे तुम्हाला दाखवायला आणलं," त्याने तुकडा उलटा केला. प्लास्टरच्या पाठीला बोर्डाचा थर घट्ट चिकटलेला होता. "बोर्ड मधूनच फाटलाय बघा, पण तुमचं प्लास्टर त्याला सोडत नाही. असा हात मी अजून पाहिला नाही."

कितीतरी दिवसांनी यांचा चेहरा उजळला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "बाबा रे, हे जरा मास्तरांना सांग. गल्लीत चार लोकांना सांग."

त्याने कप खाली ठेवला. "काकू, भाच्याकडचे पैसे अजून यायचेत. मास्तरांचं काम त्यांच्याच शब्दावर मिळालंय." मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझीही पोरं लहान आहेत."

"बरोबर आहे त्याचं," हे म्हणाले. "चहा घे रे, निवतोय." आणि मास्तरांच्या घराची कुठली बाजू पावसाच्या तोंडावर आहे, तिथे काय सांभाळायचं, ते त्याला समजावत बसले.

तो गेल्यावर यांनी तो तुकडा उचलला, बाहेर जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला. आत आले, नळ सोडला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले.