पहिली फेरी

देवरावांनी फोन मुलीच्या, संघप्रियाच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा नाकापाशी आणला.

"खाली कर. अजून खाली. आता उजेड मार त्याच्यावर."

पडद्यावर मिथुनचा हात हलला. बॅटरीच्या उजेडात आधी बर्फाचा चिखल दिसला, मग लोखंडी पट्टे, मग वरचा घुमट उतरवलेला एक जुना रणगाडा. घुमटाच्या भोकावर जाड पत्रा, पत्र्यावर चौकट आणि चौकटीवर कुठल्याशा जहाजावरून काढून आणलेली लांब नळीची तोफ. कासवाला बगळ्याची मान लावून दिल्यासारखं ते ध्यान दिसत होतं.

"हे तू केलं?"

"चौकट माही हाय. तोफ त्यायनं ठेवली. आज रात्री शेवटचा जोड माराचा हाय, उद्या सकाळी फायर करून पाहतेत. बाबा, लवकर सांगा. दुभाष्या जेवाले गेला हाय. त्याले हिंदी येते, आपलं बोलनं बी अर्धं पकडते."

मिथुनला तिकडे नेणाऱ्या एजंटाने ट्रकच्या बॉड्या जोडायचं काम सांगितलं होतं. तो खोटं बोलला असं म्हणता येत नव्हतं. ट्रकची बॉडी जोडणाऱ्याकडून दुसरंही काही जोडून घेता येतं, एवढंच सांगायचं त्याने शिल्लक ठेवलं होतं. लढाई चाललेल्या त्या देशात नव्या तोफगाड्या पुरत नव्हत्या. म्हणून जुने रणगाडे भंगारातून ओढून आणायचे आणि हाताला लागेल ती तोफ त्यांच्यावर चढवायची. मिथुनचा पासपोर्ट तिथल्या वर्कशॉपच्या साहेबाने आपल्या कपाटात ठेवला होता.

जोडकामाचा प्रश्न निघाला की देवरावांचं वय उतरत असे. माजरीच्या खाणीत सारा जन्म त्यांनी डंपरच्या फाटलेल्या चेसिस जोडल्या होत्या. तिथल्या ड्रायव्हरांनी एक रीत पाडली होती. जोड ज्याचा, त्याने भरल्या डंपरच्या पहिल्या फेरीला शेजारी बसायचं; तो बसला नाही तर गाडी हलणार नाही. बाकीचे वेल्डर ती फेरी श्वास रोखून काढत. देवराव सुपारी कातरत काढत. त्यांचा जोड तडकल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि हे कोणी विसरू नये याची काळजी ते निवृत्तीनंतरही घेत.

"जोडाच्या आधी पत्रा तापव. घाई नको. रॉड कोरडे पाह्यजेत, भट्टीत ठेव. जोड झाला का घोंगडं झाकून टाक, हळूहळू थंडा होऊ दे. अन् कोपऱ्यात तिकोनी पट्टी दे. मंग त्या तोफेचा बाप आला तरी हालत नाई."

केसरबाई खाली बसून लाखोळीची डाळ पाखडत होत्या. सूप न थांबवता त्यांनी विचारलं,

"मिथुन, जोड पक्का झाला तं काय होते?"

"तं गाडी पास, माय. लढाईवर जाते."

"अन् तू?"

मिथुनने बॅटरी रणगाड्यावरून काढून खाली धरली.

"मी बी जातो."

"काऊन? तू तं जोडनारा."

"मीच सांगतलं ना साहेबाले." मिथुनचा आवाज बारीक झाला. "बाबाची गोष्ट. आमच्या इथी जोडनारा पहिल्या फेरीले संगं बसते म्हनून. साहेब भलता खूश झाला. टाळ्या वाजवल्या. आता सगळ्यायले तोच नियम हाय. फायरच्या वक्ती वर बसाचं, अन् पास झाली तं तिच्यासंगंच जाचं."

सूप थांबलं. केसरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या पाहत तेव्हा देवरावांना उत्तर तरी देता येई.

"फायरच्या आधी तपासतात का रे?" संघप्रियाने विचारलं.

"हो. लाल औषध लावून पुसतेत, मंग पांढरी पावडर. केसावानी भेग असंन तरी लाल रेघ उमटते. नापास झाली तं चौकट काढून काम दुसऱ्याले देतेत. नापासवाल्याले झाडू मारायले लावतेत."

देवराव अंगठ्याने फोनची कड घासत राहिले, जणू तिथे काही खडबडीत लागत होतं.

"ते औषध पुऱ्या जोडावर मारतेत, का जागोजागी?"

"पुऱ्या."

"अवो, सांगा त्याले काहीतरी," केसरबाई म्हणाल्या. "तो दुभाष्या येईन ना जेवून."

देवरावांनी फोन तोंडापाशी नेला.

"मी सांगतलं ते इसरून जा. पत्रा तापवू नको. रॉड बरफात भिजव. खालचे थर तसेच राहू दे, फक्त वरचा शेवटचा थर त्या ओल्या रॉडनं मार. अन् लाल असतानीच त्याच्यावर बरफ टाक."

"बाबा, तडकंन ना ते."

"सकाळ व्हायच्या आत तडकंन. वरूनच तडकंन."

"अन् रेघ नाई उमटली तं? आतच राह्यली तं? मी वर बसून असंन, बाबा."

केसरबाईंनीच फोनकडे वाकून सांगितलं,

"मंग चढू नको. पोट धर, लोळ, काय करू शकशीन ते कर. पन चढू नको."

पलीकडे बुटांचे आवाज आले आणि पडद्यावरचा उजेड एकदम विझला. मिथुन मोठ्याने म्हणाला, "हो माय, जेवलो. भात भेटते इथी." आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी संघप्रिया शाळेवर शिकवायला गेली नाही. देवरावांनी भाकर मोडून तशीच ठेवली. तिकडची सकाळ इकडे दुपारी होते, हे तिघांनाही माहीत होतं. तरी फोन सकाळपासून मधोमध ठेवला होता आणि त्याला कोणी हात लावत नव्हतं.

ऊन अंगणातून उतरायला लागलं तेव्हा तो वाजला. मिथुनने नुसता आवाज पाठवला होता. फोन खिशात ठेवून चालू केलेला असावा. संघप्रियाने लावला. आधी कापडाची खरखर, बुटांचे आवाज. मग एक माणूस परक्या भाषेत ओरडत होता आणि त्याच्यामागून दुभाष्या हिंदीत ओरडत होता.

"साहब पूछ रहे हैं, ऊपर से नीचे तक लाल लकीर! ये कचरा काम किस गधे ने सिखाया तुझे?"

मग अगदी जवळून मिथुनचा आवाज आला.

"मेरे बाप ने, साहब."

खूप लोक हसले. कोणीतरी "झाड़ू उठा" म्हणालं आणि आवाज तुटला.

केसरबाईंनी तोंडाला पदर लावला. संघप्रियाने घाबरून बापाकडे पाहिलं. कामावरून वाकडा शब्द बोललेल्या सुपरवायझरशी या माणसाने वर्षभर अबोला धरलेला तिने पाहिला होता.

देवराव भिंतीला टेकून बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.