जरा जास्तच नीट

ओहायोतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात नियम एकच: गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. यंदा पहिला नंबर मिळवायचाच म्हणून व्हर्लिनने बॉनेटच्या झिजलेल्या बिजागऱ्या सात महिने घासल्या, नव्या रिवेटा ठोकल्या, मूळचा राखाडी लेप चढवला. आता तो गाडीभोवती घिरट्या घालत होता.

"अरे, बस की! गवत झिजलं," बायको ओर्ला म्हणाली.

परीक्षकाने बॉनेट उचललं. ते आवाज न करता वर गेलं. त्याचं तोंड वाकडं झालं.

"भाऊ, कारखान्याला इतकं चांगलं कधीच जमलं नव्हतं. दोन गुण गेले."

नंबरही गेला. व्हर्लिनने तिथेच पाना काढला.

"आता काय?" ओर्लाने विचारलं.

"बिघडवतो."

"पुन्हा सात महिने?"

"छे! नीट बिघडवायला वर्ष लागेल."