डब्याएवढा उजेड

न्हावऱ्याच्या ज्ञानदेवनं प्लास्टिकवर उजेड छापला. दुधाच्या पिशव्या छापायच्या मशीनवर, गुंडाळून काखेत मारता येईल अशा पातळ तावावर, खराखुरा उजेड.

ही गोष्ट घडलेली नाही. कंपनीनं तसं ठरवलं आहे, आणि रांजणगावच्या एमआयडीसीत काय घडलं नि काय नाही हे ठरवायला कंपनी समर्थ आहे. तेव्हा आपणही ती घडली नाही असं धरूनच पुढे जाऊ.

ज्ञानदेव पिशव्यांवर गाय छापायचा. निळी गाय, लाल गाय, दिवाळीत हार घातलेली गाय. त्यानं आयुष्यभर जे काही छापलं, ते लोकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा कापून रिकामं केलं आणि कचऱ्यात टाकलं. याबद्दल त्याची तक्रार नव्हती. फक्त एकदा तो बायकोला, ललिताला, म्हणाला होता की आपण छापलेलं काहीतरी घरात टांगलेलं असावं. तिनं गोठ्याच्या खिडकीला वाऱ्यासाठी बांधलेल्या तीन लाल गायी दाखवल्या होत्या.

दोन हजार सातच्या मे महिन्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून अनिता मॅडम शाईचे डबे घेऊन आल्या. एक शाई वीज वाहून न्यायची, दुसरी वीज मिळाली की उजळायची. उद्या काचेचे दिवे जातील, मॅडम सांगत होत्या, आणि दिवा वर्तमानपत्रासारखा छापून निघेल, घडी घालून खिशात जाईल. ही शाई सेंद्रिय आहे म्हटल्यावर शेण कधी कालवायचं असं कुणीतरी विचारलं, आणि मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. त्या मनानं फार चांगल्या होत्या.

शाईला दमट हवेचं वावडं होतं. म्हणून मॅडमनी सगळा नकाशा पाहून उन्हाळ्यातला शिरूर तालुका निवडला होता. तालुक्याच्या कोरडेपणाची इतकी कदर आजवर कुणी केली नव्हती.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मोठे साहेब आले, पाहुणे आले, नारळ फुटला. मॅडमनी बटण दाबलं. ताव काळाच राहिला. पुन्हा दाबलं. कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर पोपटराव हे दौंडचे, आणि तयारीचे गृहस्थ. त्यांनी दोन भाषणं लिहून आणली होती. डाव्या खिशातलं काढून वाचलं. जेवणाच्या सुट्टीआधीच ‘चाचणी अयशस्वी’ असा फॅक्स मुंबईला गेला आणि पाहुणे हायवेवरच्या हॉटेलात मटण खायला गेले.

आता न घडलेली गोष्ट.

छापलेली शाई सुकवायला मशीनच्या डोक्यावर एक ड्रायर असतो. त्याचा पत्रा छान तापतो. मशीन आल्यापासून पिशव्या छापणारे लोक त्यावर जेवणाचे डबे ठेवत आले होते. गेल्या वर्षी कंपनीला गुणवत्तेचं सर्टिफिकेट मिळालं, त्यात कामाच्या जागी अन्न ठेवायला मनाई होती. त्या दिवसापासून तिथे डबे नव्हते, म्हणजे होते, पण कुणाला दिसत नव्हते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी निघालेला पहिला ताव धूळ बसू नये म्हणून ज्ञानदेवनं ड्रायरवर ठेवला, आणि सवयीनं सगळ्यांनी त्यावर आपापले डबे ठेवले.

सुट्टीत डबे उचलले तेव्हा खाली ताव. मॅडम शाईच्या ड्रमवर बसून वायरी गुंडाळत होत्या, डोळे लाल.

“मॅडम,” ज्ञानदेव म्हणाला, “ह्यालाबी लावून बघा की. जाताजाता.”

त्यांनी नाइलाजानं वायर लावली. तावावर चार गोल उजळले. करडईच्या फुलासारखा पिवळा उजेड. बाकी ताव काळा, फक्त जिथे डबा होता तिथे उजेड, डब्याच्या बुडाएवढा. चौथा गोल एका बाजूनं बसका होता, कारण ज्ञानदेव आणायचा तो ललिताचा डबा मागे एसटी स्टँडवर पडून त्याला पोचा आला होता. मॅडमनी ताव वाकवला. उजेड वाकला, पण गेला नाही. गरम डब्यांच्या वजनाखाली शाई हवी तशी सुकली होती, एवढंच. मॅडम हसत होत्या की रडत होत्या, ते सांगणं अवघड होतं.

दोघं ताव घेऊन पोपटरावांच्या केबिनमध्ये गेले. पोपटरावांनी बराच वेळ पाहिलं.

“हे गोल कसले?”

“डब्यांचे, साहेब. जेवणाच्या.”

“शॉपफ्लोअरवर जेवणाचे डबे नसतात, ज्ञानदेव.” त्यांनी भिंतीवर फ्रेम केलेल्या सर्टिफिकेटकडे बोट केलं. “डबे नाहीत, तर गोल कुठून आले? आणि गोल नाहीत, तर उजेड कसला?”

ज्ञानदेवला हे पटलंही असतं. पण बोलताना पोपटरावांच्या चष्म्यात चार पिवळे गोल दिसत होते.

मॅडमनी पुण्याला कळवलं. कंपनीची नोंद आणा, मग बघू, असं उत्तर आलं, आणि मॅडमना दुसऱ्या कामाला लावलं. जाताना त्यांनी गेटवर ताव नि त्याला लावायचे सेल ज्ञानदेवच्या हातात दिले. इथे ठेवला तर भंगारात जाईल, म्हणाल्या.

संध्याकाळी न्हावऱ्यात लोडशेडिंग होतं. ज्ञानदेवनं ताव भिंतीला टांगला. शेजारचे कोंडिबा आबा येऊन बघून गेले आणि वायरमनला इचारलंय का, एवढंच म्हणाले. ललिता बसक्या गोलासमोर उभी राहिली.

“आवं, ह्यो तर माझा डबा हाय.”

मग तिनं हळूच पदरानं तो पुसला. बाकीचे तीन पुसले नाहीत.

गावात उजेड टांगल्याची बातमी लपत नाही. पोपटरावांनी ज्ञानदेवला बोलावलं आणि ताव कंपनीची मालमत्ता आहे, उद्या जमा कर, असं सांगितलं.

“कंचा ताव, साहेब? त्यो तर पेटलाच न्हाई.”

“न पेटलेला आहे, पण कंपनीचा आहे.”

“मंग पेटला म्हणा आन् घेऊन जावा.”

पोपटरावांनी सर्टिफिकेटकडे पाहिलं. ज्ञानदेव म्हणाला, “न्हाईतर मला मेमो द्या.”

“कशाबद्दल?”

“डबा ठिवल्याबद्दल.”

“तू डबा ठेवलाच नाहीस.”

“ठिवला. भाकर गरम लागली.”

पोपटरावांनी आवाज खाली घेतला. “नोकरी जाईल, ज्ञानदेव.”

“जाऊ द्या की. कारण तेवढं लिवा.”

नोकरी गेली नाही. कारण लिहावं लागलं असतं.

ताव मात्र विझत चालला होता. प्लास्टिकच्या कडेनं हवा आत शिरत होती आणि गोलांवर काळे ठिपके पडत होते, रोज थोडे मोठे. पावसाळ्यात एकेक गोल गेला. शेवटी बसक्या गोलाची कड तेवढी राहिली, नखाएवढी. त्या संध्याकाळी ज्ञानदेव तिच्याखाली बसला. वाचण्याएवढा उजेड नव्हता, पण लिहिण्याएवढा पुरला.

“मा. मॅनेजर साहेब यांस. मी, ज्ञानदेव, प्रिंटिंग खाते, पूर्ण शुद्धीवर कबूल करतो, की प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी ड्रायरवर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला. डब्याला एका बाजूनं पोचा होता. तरी सदर गुन्ह्याबद्दल माझ्यावर नियमानुसार कडक कारवाई करण्यात यावी, आणि मेमोची एक प्रत घरात टांगण्यासाठी मिळावी, ही नम्र विनंती.”