सुईला कावून बोल लावता?

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची सिरिंज आहे आणि आज माझं डोकं भयंकर तापलं आहे. धामणगाव रेल्वेजवळ किशोरचं वराहपालन केंद्र आहे. तिथल्या खिळ्यावर माझा मुक्काम आणि डुकरांना टोचणं हे माझं काम.

नवी होते तेव्हा काय थाट होता माझा! गुरांचे डॉक्टर मला उकळून घेत, आजारी डुकराचं वजन बघून औषध भरत आणि ठरलेले सगळे डोस देत. मग किशोरला वाटलं, टोचायला काय अक्कल लागते? त्याने डॉक्टरांना बोलावणंच सोडलं. एक डुक्कर खोकलं की साऱ्या कळपाला टोचायचं. आजारी जनावर भरड्याला तोंड लावू लागलं की औषध बंद. मला उकळणं तर दूरच, धुवायचाही पत्ता नाही.

"आरे, धडधाकट जनावरायले कावून टोचून राहिला?" त्याची आई, बेबीताई, विचारायची.

"आई, तुले नाही समजत. आंधीच टोचलं का रोग येतच नाही."

येतच नाही म्हणे! अर्धवट औषधाने दुबळे जंतू मेले, दांडगे उरले आणि त्यांचीच पिलावळ माजली. माझ्यातलं औषध त्यांना पाण्यासारखं झालं. मी कितीही चरफडले तरी माझं ऐकतो कोण?

एकदा पिल्लू धरताना ते बेबीताईंच्या हाताला चावलं. तेच दांडगे जंतू जखमेत शिरले. हात सुजला, ताप चढला. अमरावतीच्या दवाखान्यात दिलेलं औषध लागू पडेना.

"फार्मवर डुकरांना काय देता?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. किशोरने नाव सांगितलं.

"अहो, तेच औषध मी यांना देतेय!"

शेवटी दुसऱ्या, जालीम औषधाने जीव वाचला. पण दोन बोटं कापावी लागली.

त्या घरी आल्या आणि पुन्हा एक पिल्लू खोकलं. किशोरचा हात सवयीने माझ्याकडे आला.

"ठेव ते! पयले डॉक्टरले फोन लाव," बेबीताई कडाडल्या.

"आई, ते सुईच खराब असंन..."

"सुईले कावून बोल लावतं? टोचणारा कोण व्हता?"

किशोरने मान खाली घालून फोन लावला. डॉक्टर आले. किती वर्षांनी मी उकळत्या पाण्यात न्हाले!

मित्रांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं जंतू मारणारं औषध कुणालाही देऊ नका, माणसाला नाही आणि जनावरालाही नाही. त्यांनी दिलं तर अर्ध्यावर सोडू नका. किशोरला हे आता कळलं आहे. पण बेबीताई भाकरी थापतात, तेव्हा पिठावर त्या हाताची तीनच बोटं उमटतात.